दाराबाहेरची प्रार्थना

धर्माची पकड सैल होत गेली की माणूस आधारासाठी कवितेकडे वळेल, अशा आशयाचे भाकीत मॅथ्यू अर्नोल्डने १८८० साली केले. आपल्याकडे ‘कविता हीच आजची प्रार्थना’ असे म्हणताना हे भाकीत बहुधा गृहीत धरलेले असते. नाशिकपुरते ते पहिल्याच पायरीवर अडते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत दसऱ्याला आजही यंत्रांवर झेंडूच्या माळा चढतात, नारळ फुटतो. देव इथे कुणाचा हरवलेला नाही. इथल्या कवितेला प्रार्थनेचा प्रश्न पडला तो देव नाहीसा झाल्यामुळे नव्हे, दार बंद असल्यामुळे.

ते दार काळाराम मंदिराचे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव गायकवाडांनी तो नेटाने काही वर्षे चालवला, तरी दार उघडले नाही. १९३२ मध्ये विशीतले वि. वा. शिरवाडकर या सत्याग्रहात होते. कुसुमाग्रजांच्या चरित्रात हा तपशील एका ओळीत उरकला जातो. मला तो त्यांच्या प्रार्थनाकवितेची किल्ली वाटतो. ‘गाभारा’ या कवितेत दर्शनाला आलेल्यांना सांगितले जाते की देव सध्या आत नाही. बाकी सगळा थाट जागच्या जागी आहे. मग देव गेला कुठे? उत्तर त्यांच्याच ‘सर्वात्मका शिवसुंदरा’ या प्रार्थनेत सापडते. तिथला देव शेतात आणि श्रमिकांबरोबर राबतो. टागोरांच्या ‘गीतांजली’तही देव देवळाबाहेर, नांगरणाऱ्यापाशी भेटतो; पण नाशिकच्या कवीने बंद दार समोर पाहिले होते, हा फरक लहान नाही. अंधारातून उजेडाकडे नेण्याची उपनिषदातली जुनी मागणी या प्रार्थनेत आहे, आणि मागणी आहे म्हणून ती खरी प्रार्थना आहे. शाळाशाळांतून ती गायली गेली, ती कुणालाच न अडवता.

अडचण पुढची आहे. देव श्रमिकांमध्ये आहे म्हटल्यावर नमस्कार अजून देवालाच पोचतो, श्रमिक त्याचे ठिकाण ठरतो. दसऱ्याचा हारही यंत्राला पडतो, ते चालवणाऱ्याला नाही.

नाशिकजवळच्या विहितगावात १९३० साली, म्हणजे सत्याग्रह सुरू झाला त्याच वर्षी, जन्मलेल्या बाबूराव बागुलांनी नेमकी इथे पलटी मारली. ‘जेव्हा मी जात चोरली होती!’चे कथाकार म्हणून त्यांची इतकी चर्चा होते की कवी बागुल मागे पडतात. ‘वेदाआधी तू होतास’ ही कविता वाचताना व्याकरणाकडे लक्ष द्यावे. संबोधन, एकवचनी ‘तू’, गौरवाची चढती रांग, हे सगळे स्तोत्राचे. पण ‘तू’ म्हणजे माणूस, आणि वेद व परमेश्वर त्याच्यानंतरचे. ज्याला देवळात घेतले नाही, त्याला ही कविता देवळाच्याही आधी नेऊन उभे करते. हे स्तोत्राचे विडंबन नव्हे. विडंबन असते तर शीर्षकातल्या ‘होतास’मध्ये इतका आदर उरला नसता.

तरीही या कवितेला प्रार्थना म्हणताना मी थबकतो. ती काहीच मागत नाही. ज्याच्यापाशी मागायचे तोच राबतो आहे, तोच दाराबाहेर आहे, मागणार कोणापाशी? चोखोबांची समाधी पंढरपूरला देवळाच्या पायरीशी, दाराबाहेरच आहे, पण त्यांच्या अभंगांना आतल्या विठ्ठलाशी भांडता येत होते. गाऱ्हाणे ऐकणारा कुणीतरी होता. बागुलांनी तो ऐकणारा जाणूनबुजून सोडला आणि गौरव तेवढा ठेवला. कुसुमाग्रजांना तो सोडवला नाही. म्हणून त्यांची प्रार्थना समूहाने गाता येते. बागुलांची कविता मात्र ज्याच्यासाठी आहे त्याच्या तोंडावर, एकेकट्याला उद्देशून म्हणावी लागते.