मॉर्फीसमोर नेमकं बसलं होतं कोण?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, ‘मॉर्फी मोठा मान्य, पण त्याच्यासमोर होतं कोण? सगळे लिंबूटिंबूच ना?’ प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर शोधू.

मॉर्फीचा कोणता डाव आपल्याला आठवतो? दहापैकी नऊ जण पॅरिसच्या ऑपेरातला डाव सांगतील. साल 1858. समोर ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इसुआर, दोघे मिळून सल्लामसलत करत खेळतायत. सतराव्या खेळीला मात! शेवटी वजिराचा बळी आणि हत्तीने मात. सुंदर डाव आहे, शिकवायला तर फारच उत्तम. पण हे दोघे हौशी खेळाडू होते. या डावावरून मॉर्फीच्या प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा ठरवणं म्हणजे प्रदर्शनी सामन्यावरून रणजी संघ जोखणं.

माझा पहिला आक्षेप इथेच आहे, आणि तो आपल्यावर आहे. संग्रहांत आपण चटकदार डाव घेतो. चटकदार डाव बहुतेकदा कच्च्या खेळाडूविरुद्धच होतात. मॉर्फी तर कित्येकांना एक घोडा आधीच काढून ठेवून खेळायचा. मग तेच डाव वाचून आपणच म्हणतो, ‘समोरचे कच्चेच होते की!’

मग गंभीर सामने बघू. 1857ला न्यूयॉर्कच्या पहिल्या अमेरिकन काँग्रेसच्या अंतिम फेरीत लुई पॉलसन होता. मॉर्फीने पाच डाव जिंकले, एक हरला, दोन बरोबरीत. 1858ला लंडनमध्ये लोवेंथाल : नऊ विजय, तीन पराभव, दोन बरोबरी. पॅरिसमध्ये हारवित्स : पहिले दोन डाव मॉर्फी हरला, मग पाच जिंकले, एक बरोबरीत. डिसेंबरात अँडरसन : सात विजय, दोन पराभव, दोन बरोबरी. इथेही पहिला डाव त्याने गमावलाच होता. म्हणजे ही माणसं त्याला हरवू शकत होती, हे आधी लक्षात घ्या.

आता खरी कसोटी. एखाद्याची ताकद मॉर्फीविरुद्धच्या डावांवरून मोजली तर आपण गोल गोल फिरत राहू. तो इतरांविरुद्ध काय करतो, ते बघायला हवं. अँडरसन 1851ची लंडनची स्पर्धा जिंकलेला. ठीक, कुणी म्हणेल, 1858पर्यंत ब्रेस्लाऊचा हा गणिताचा मास्तर गंजला होता. पण मग 1862ला लंडनची स्पर्धा पुन्हा कोणी जिंकली? अँडरसनने. 1870ला बाडेन-बाडेनमध्ये स्टाइनिट्झच्या पुढे पहिला कोण? तोच, वयाच्या बावन्नाव्या वर्षी! आणि पॉलसन? त्याने पुढे 1876 आणि 1877ला याच अँडरसनला सामन्यांत हरवलं. सिसिलियन बचावात त्याच्या नावाची पद्धत आजही खेळतात. हे लिंबूटिंबू नव्हेत.

पॉलसनविरुद्धचा 1857चा तो सहावा डाव काढून बघा. मॉर्फी काळ्या मोहऱ्यांनी खेळतोय आणि उंटाच्या बदल्यात वजीर देतोय. ऑपेराच्या डावाइतकाच देखणा, पण समोर खरा मास्टर.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पहिल्या दर्जाचे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांच्या खाली दर्जा झपकन उतरायचा. बचावाचं शास्त्र बाल्यावस्थेत होतं, आणि देऊ केलेलं प्यादं घ्यायचंच, असा रिवाज. स्टाँटनशी सामना झालाच नाही. 1859नंतर मॉर्फी गंभीर स्पर्धेतून बाहेरच पडला. स्टाइनिट्झने 1866ला अँडरसनला आठ विरुद्ध सहा असं हरवलं, तेव्हा मॉर्फी 29 वर्षांचाच होता. ती गाठ पडली असती तर आपल्या हातात आणखी एक माप आलं असतं. त्यामुळे मागाहून काढलेली रेटिंगं जपून वाचा : रेटिंग त्या काळातल्या दोघांमधलं अंतर सांगतं, मधल्या दीडशे वर्षांत वाढलेलं ज्ञान नाही.

तर माझा निवाडा असा. प्रतिस्पर्धी आजच्या मानाने कच्चे, त्यांच्या काळात पक्के. फक्त संख्येने थोडे. ‘समोरचे कच्चे होते’ या एका वाक्यात आपण मॉर्फीवर अन्याय करतोच, पण त्याहून मोठा अन्याय अँडरसनवर, पॉलसनवर करतो. एका माणसाकडून हरले, एवढ्यावर त्यांची सगळी कारकीर्द आपण पुसून टाकतो.

पुढच्या वेळी येताना अँडरसनने जिंकलेला पहिला डाव पटावर मांडून या. तिथून सुरुवात करू.