नृत्यशिक्षकांच्या पाठीशी कोण? मुलुंड आणि पूर्व उपनगरांतील नृत्यशिक्षण

मुलुंडमधले शास्त्रीय नृत्याचे शिक्षण मुख्यतः खासगी वर्गांत चालते. सोसायटीचा हॉल, शाळा सुटल्यावर भाड्याने मिळणारी खोली, एखाद्या देवळाचे सभागृह किंवा शिक्षिकेच्या घरातली बैठकीची खोली, अशा जागांत हे वर्ग भरतात. भरतनाट्यम आणि कथक या दोन शैली सर्वाधिक शिकवल्या जातात आणि शिकवणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत. फी गोळा करणे, पालकांशी बोलणे, परीक्षेचे अर्ज भरणे, वार्षिक कार्यक्रमासाठी पोशाख आणि दागिने भाड्याने आणणे, महापालिकेच्या महाकवी कालिदास नाट्यगृहाची तारीख मिळवणे ही सारी कामे एकाच व्यक्तीला करावी लागतात. उपनगरातील नृत्यकलेची स्थिती जोखायची तर आधी या एकट्या शिक्षिकेकडे पाहावे लागते, कारण नावाजलेल्या नर्तकांचे कार्यक्रम वर्षातून मोजके होतात, आणि मुलांच्या अंगात नृत्य मुरते ते आठवड्यातून दोनदा भरणाऱ्या तिच्या वर्गात.

मुंबईत भरतनाट्यम रुजले ते माटुंग्याला. १९४५ साली तिथे श्री राजराजेश्वरी भरतनाट्य कला मंदिर सुरू झाले. गुरू गोविंदराज पिळ्ळै आणि त्यांच्या कुटुंबाने तंजावर जिल्ह्यातल्या तिरुविडैमरुदूरची नट्टुवनारांची, म्हणजे नृत्यगुरूंची, परंपरा इथे आणली. दाक्षिणात्य वस्ती मध्य रेल्वेच्या मार्गाने पुढे सरकत गेली, तशी ही कलाही सरकली. चेंबूरमध्ये १९६२ साली फाइन आर्ट्‌स सोसायटी स्थापन झाली. मुलुंडमध्ये मराठी, गुजराती, तमिळ आणि मल्याळी कुटुंबे शेजारी शेजारी राहत असल्याने नृत्यवर्गात चारही घरांतल्या मुली एका ओळीत उभ्या राहतात. पश्चिम उपनगरात डॉ. कनक रेळे यांनी १९६६ साली नालंदा नृत्य संशोधन केंद्र उभारले आणि त्यातून विद्यापीठाची पदवी देणारे नृत्य महाविद्यालय आकाराला आले. पूर्व उपनगरातल्या बहुतेक विद्यार्थिनींना मात्र रोज जुहूला जाणे परवडत नाही, म्हणून त्यांचे शिक्षण घराजवळच्या वर्गातच पूर्ण होते.

या विखुरलेल्या वर्गांना एका धाग्यात बांधणारी सर्वांत मोठी संस्था म्हणजे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९३१ साली त्यांचे निधन झाल्यावर शिष्यांनी एकत्र येऊन अहमदाबादेत या मंडळाची स्थापना केली. नफा न कमावणारी, शिक्षकांनीच उभी केलेली ही संस्था. तिचे मूळ काम गायन-वादनाचे होते, नृत्याच्या परीक्षा नंतर आल्या. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद या पायऱ्या चढायला सात वर्षे लागतात आणि पुढे अलंकार आहे. प्रात्यक्षिकाबरोबर शास्त्राचा अभ्यास असतो. त्यामुळे कथकचा तत्कार, म्हणजे पदन्यास, करणाऱ्या मुलीला ताल हातावर धरून बोलांची पढंत करावी लागते आणि भरतनाट्यमच्या विद्यार्थिनीला हस्तमुद्रांचे विनियोग पाठ करावे लागतात.

या परीक्षांनी मोठे काम केले आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. एका गुरूच्या मर्जीवर चालणाऱ्या शिक्षणाला त्यांनी क्रम दिला. मुलीने गाव किंवा गुरू बदलला तरी तिचे कुठवर शिकून झाले आहे हे समजू लागले. मध्यमवर्गीय मराठी घरांत नृत्याकडे संशयाने पाहण्याची सवय होती, तिथे हातात पडणाऱ्या प्रमाणपत्राने त्या शिक्षणाला प्रतिष्ठा मिळवून दिली.

पण त्याच परीक्षांनी वर्गाचा वेगही ठरवून टाकला. सत्र जवळ आले की नवीन रचना थांबते आणि अभ्यासक्रमातल्या बाबी घोटून घेतल्या जातात. दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण देण्याची तरतूद राज्य शासनाने केल्यानंतर हा ओढा वाढला. कलेला शालेय शिक्षणात स्थान मिळाले ही चांगली गोष्ट झाली. परंतु गुण मिळवून देणारी पायरी गाठली की वर्ग सोडणारी मुलगी ही प्रत्येक शिक्षिकेच्या परिचयाची आहे, आणि अभिनयाची समज यायला लागते ते नेमके त्याच वयात. शिवाय परीक्षा विद्यार्थ्याचे माप घेते. शिकवणारी व्यक्ती कशी शिकवते हे तिच्यातून कळत नाही. विशारद झालेली तरुणी दुसऱ्याच महिन्यात स्वतःचा वर्ग काढू शकते. चांगले नाचणे आणि सहा वर्षांच्या मुलाला नाचायला शिकवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि दुसरे कौशल्य ती बहुधा आपल्या गुरूंचे अनुकरण करत, चुकतमाकत मिळवते.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला गेला. तिथे १९०४ साली नृत्यशिक्षकांची इम्पीरियल सोसायटी स्थापन झाली. १९२० साली फिलिप रिचर्डसन, अॅडलिन जेने, तमारा कार्साविना आदींनी बॅले शिकवण्याचा दर्जा सुधारावा म्हणून एक संघटना उभारली, तीच पुढे रॉयल अकॅडमी ऑफ डान्स झाली. तिच्या स्थापनेमागची मुख्य चिंता शिक्षकांविषयी होती. चुकीच्या पद्धतीने शिकवल्याने मुलांच्या शरीराला इजा होते, म्हणून शिकवणाऱ्याचेच शिक्षण आणि नोंदणी झाली पाहिजे, असा तो विचार होता. भारतीय नृत्यात गुरुपरंपरेचे स्थान वेगळे आहे आणि ते तसेच राहावे. पण शरीराचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

उपनगरी वर्गांत हा प्रश्न फरशीपासून सुरू होतो. भरतनाट्यममध्ये गुडघे बाहेर वळवून अर्धे वाकलेल्या अरमंडीत तासभर अडवू, म्हणजे मूळ पदन्यास, करायचे, कथकमध्ये टाचेचे आघात वाढत्या लयीत द्यायचे, आणि खाली काँक्रीटवर बसवलेली गुळगुळीत लादी. धक्का शोषून घेणारी लाकडी जमीन सोसायटीच्या हॉलमध्ये क्वचितच असते. अरमंडीत गुडघा पावलाच्या दिशेतच वळला पाहिजे, मांडीचे वळण कमरेच्या सांध्यातून आले पाहिजे, हे ज्या शिक्षिकेला शरीररचनेसह समजले आहे ती मुलींचे गुडघे वाचवते. हे ज्ञान पोहोचवणाऱ्या कार्यशाळा एकेकट्या वर्गाच्या आवाक्याबाहेर असतात. दहा शिक्षिका एकत्र आल्या तर फिजिओथेरपिस्टला बोलावणे सहज जमते. गायक, नट्टुवांगम करणारे (झांजा वाजवत बोल म्हणणारे) आणि मृदंगवादक यांचेही तसेच. अरंगेत्रमला, म्हणजे पहिल्या एकल सादरीकरणाला, थेट साथसंगत ठेवली तर खर्च इतका वाढतो की अनेक घरांतून माघार घेतली जाते किंवा ध्वनिमुद्रणावर भागवले जाते. मग वादकाने मध्येच लय उचलली तर काय करायचे, याचा अनुभव मुलीला मिळतच नाही.

आशयाच्या बाबतीतही एकटेपणाची किंमत मोजावी लागते. मालवणात जन्मलेले आचार्य पार्वतीकुमार यांनी मुंबईत भरतनाट्यम शिकवताना तंजावरच्या सरफोजी राजांच्या मराठी नृत्यरचनांचा शोध घेतला, त्या मंचावर आणल्या आणि तंजावूर नृत्यशाळा काढली. त्यांच्या शिष्या डॉ. सुचेता भिडे-चापेकर यांनी पुण्यात ते काम पुढे नेले. भरतनाट्यमसाठी थेट मराठीत लिहिलेले, एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीचे साहित्य उपलब्ध असताना मुलुंडमधली मराठी मुलगी बहुतेकदा अर्थ न कळणाऱ्या तमिळ किंवा तेलुगू ओळींवर अभिनय करते. तमिळ-तेलुगू रचना शिकल्याच पाहिजेत, त्यांच्याशिवाय ही शैली कळणार नाही. मात्र मराठी रचनांचा पाठ ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून तो शिकून घेण्याची सोय एखाद्या संघटनेने केली, तर अभिनयाची गोडी लवकर लागेल.

पुण्यात एकत्र येण्याबाबत पुढचे पाऊल पडले आहे. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती सुरू केली, पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आले, आणि वेगवेगळ्या घराण्यांचे गुरू एका व्यासपीठावर बसून जागतिक नृत्यदिन साजरा करू लागले. मुंबईच्या उपनगरांत अंतरे मोठी आणि वेळ अपुरा, त्यात शेजारचा वर्ग स्पर्धक वाटतो. आपली विद्यार्थिनी दुसरीकडे जाईल ही भीती खरी असते, कारण घरखर्च तिच्या फीवर चालतो. २०२० साली टाळेबंदीत हॉल बंद झाले तेव्हा अनेक शिक्षिकांना मोबाइलच्या पडद्यावर शिकवावे लागले. आवाज उशिरा पोहोचत असल्याने ताल जुळेना, तरी प्रत्येकीने यावरचा उपाय स्वतःपुरताच शोधला.

शिक्षकांच्या संघटनेची कायदेशीर चौकट फार अवघड नाही. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार नोंदणीला सात सदस्य पुरतात. कराच्या बाजूने मात्र काळजी घ्यावी लागते. १८ जुलै २०२२पासून कला-संस्कृतीच्या प्रशिक्षणावरची वस्तू आणि सेवा कराची विशेष सूट व्यक्तीने दिलेल्या प्रशिक्षणापुरतीच राहिली आहे, पूर्वी ती धर्मादाय संस्थांनाही मिळत असे. उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर सेवांसाठी नोंदणीची सक्ती साधारणपणे नसते, पण मोठी फी जमा करणाऱ्या संस्थेला हा भार पडू शकतो. म्हणून शिक्षकांच्या संघटनेने स्वतः वर्ग चालवू नयेत हे बरे. वर्ग ज्याचा त्याने चालवावा. संघटनेने शिक्षकांसाठी कार्यशाळा घ्याव्यात, सामाईक वादकवृंद ठेवावा, नाट्यगृहाच्या तारखा एकत्रित मागाव्यात आणि आजारपणात बंद पडलेला वर्ग चालू ठेवण्यासाठी बदली शिक्षिका पुरवावी.