मुकेशच्या फितीत राहून गेलेला प्रश्न

चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर येणारा मुकेश पुष्कळांना आठवत असेल. तो आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या भुसावळचा. गुटख्याने तोंडाचा कर्करोग झाला आणि २००९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी तो गेला. ऑक्टोबर २०१२ पासून वर्षभर ही फीत चित्रपटगृहांत दाखवली गेली. मुलांना ती पाठ झाली. ती त्याच्या आवाजाची नक्कल करून हसू लागली. याचा आपल्याला राग येतो, पण दोष एकट्या मुलांचा नाही.

फीत प्रामाणिक आहे. त्यात नट नाही, खरा रुग्ण बोलतो. पण ती शेवट दाखवते, सुरुवात नाही. मुकेशने पहिली पुडी कोणाबरोबर फोडली? तेव्हा त्याच्या मनात काय चालले होते? नववीतल्या मुलाला मरण फार लांबचे वाटते. आज वडील रागावले, गणितात नापास झालो, टपरीवर मित्र उभे आहेत, हे त्याच्या जवळचे असते.

सिगारेटने डोके शांत होते, असे ओढणारे सांगतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू पॅरट यांनी १९९९ साली हा दावा तपासला. रक्तातले निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते, मग चिडचिड सुरू होते आणि पुढची सिगारेट फक्त तीच चिडचिड मिटवते. किशोरवयीन मुले नियमित ओढू लागली की त्यांचा ताण वाढतो, असे त्यांना दिसले. निकोटिन गुटख्यातही असतेच. ही गोष्ट फितीत दोन वाक्यांत सांगता आली असती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हार्वर्डच्या चार्ल्स डॉरिसन, जेनिफर लर्नर आणि सहकाऱ्यांनी २०१९च्या अखेरीस काही प्रयोग प्रसिद्ध केले. दुःखी दृश्ये पाहिलेल्या धूम्रपान करणाऱ्यांची तलफ वाढली. किळस आणणारी दृश्ये पाहणाऱ्यांची तशी वाढली नाही. एका प्रयोगात दुःखी झालेल्यांचे झुरकेही मोठे होते. ही माणसे प्रौढ होती, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा मुलांना लावता येणार नाही. तरी ज्याला आधीच सवय लागली आहे अशा मुलाला करुण फीत दाखवून आपण नेमके काय करतो, ही शंका उरतेच.

ऑक्टोबर २०१३ मध्ये मुकेशच्या जागी ‘धुआँ’ आणि ‘चाइल्ड’ आल्या. एकीत सार्वजनिक जागी ओढण्यावरची बंदी, दुसरीत धुराने होणारे आजार. मुलाला पहिला झुरका का हवासा वाटतो, हे त्यांतही कोणी विचारले नाही.