चिखल, तेल आणि फ्राइज : 'स्पेटर्स'वरचं जुनं भांडण

डच भाषेत 'स्पेटर' म्हणजे शिंतोडा. चिखलातून गाडी गेली की उडतो तो, किंवा कढईत काही सोडलं की हातावर उडतो तो तेलाचा थेंब. बोलीभाषेत त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : दिसायला एकदम कडक असलेली पोरगी किंवा पोरगा. पॉल व्हरहूव्हन या दिग्दर्शकाने 1980 साली आपल्या सिनेमाला 'स्पेटर्स' हे नाव दिलं, तेव्हा त्याला हे सगळे अर्थ एकदम हवे होते. सिनेमात मोटोक्रॉसचा चिखल आहे, बटाट्याच्या फ्राइजचं उकळतं तेल आहे आणि आपण कडक दिसतो यापलीकडे भांडवल नसलेली चार तरुण माणसं आहेत.

व्हरहूव्हन म्हटलं की आपल्याला 'रोबोकॉप' किंवा 'बेसिक इन्स्टिंक्ट' आठवतो. पण हॉलिवूडला जाण्याआधी तो नेदरलँड्सचा सगळ्यात यशस्वी दिग्दर्शक होता. 1973चा 'टर्किश डिलाइट' तिथे तुफान चालला होता. दुसऱ्या महायुद्धावरच्या 1977च्या 'सोल्जर ऑफ ऑरेंज'ने त्याला बाहेरच्या देशांत ओळख दिली. देशाला अभिमान वाटेल असा सिनेमा केल्यानंतर तीनच वर्षांनी त्याने 'स्पेटर्स' केला आणि तोच देश त्याच्यावर उखडला. समीक्षकांनी झोडपलं. स्त्रीद्वेष, समलिंगी लोकांचा द्वेष आणि अपंगांची हेटाळणी असे तीन आरोप एकाच वेळी झाले. 'नासा' अशी गमतीदार आद्याक्षरं जुळवून एक स्पेटर्स-विरोधी समितीही उभी राहिली. प्रेक्षकांनी मात्र गर्दी केली.

हे भांडण अजून मिटलेलं नाही, आणि ते मिटवण्याची घाई करू नये असं मला वाटतं. कारण आरोप करणाऱ्यांचं काही बाबतींत बरोबर होतं आणि सिनेमाचंही काही बाबतींत बरोबर आहे. (पुढे कथेतलं बरंच काही उघड होणार आहे. त्याशिवाय या वादाबद्दल बोलताच येत नाही.)

बंदराच्या सावलीतलं गाव

परदेशी प्रेक्षकाला नेदरलँड्स म्हणजे अॅमस्टरडॅमचे कालवे, सायकली आणि ट्यूलिप. 'स्पेटर्स'मध्ये यातलं काही नाही. सिनेमा घडतो मासस्लाउस आणि आसपासच्या भागात. रॉटरडॅम बंदरातून समुद्राकडे जाणाऱ्या जलमार्गाच्या काठी हे गाव आहे. समोरच्या काठावर मैलोन्‌मैल तेलशुद्धीकरण कारखाने, टाक्या, चिमण्या. त्या काळी तिथे नव्या वसाहती भराभर उभ्या राहत होत्या. गाव जुनं, चर्च कडक आणि आजूबाजूला सगळं अर्धवट बांधलेलं.

काळही लक्षात घ्यायला हवा. 1979च्या तेलसंकटानंतर युरोपात मंदी येत होती आणि तरुणांची बेकारी वाढत होती. 'स्पेटर्स' फेब्रुवारी 1980च्या अखेरीस प्रदर्शित झाला. दोनच महिन्यांनी, 30 एप्रिलला, राणी बेआट्रिक्सच्या राज्यारोहणाच्या दिवशी अॅमस्टरडॅमच्या रस्त्यांवर दंगल उसळली. घर नाही तर राज्याभिषेकही नाही, अशी आंदोलकांची घोषणा होती. सिनेमा त्या आंदोलनाबद्दल नाही आणि त्यातली पोरं राजकीयही नाहीत. पण आपल्यासाठी इथे जागा ठेवलेली नाही, ही भावना दोन्हीकडे तीच आहे.

रीन, एफ आणि हान्स हे तिघे मित्र. तिघांनाही मोटोक्रॉसचं वेड. रीनकडे खरंच गुणवत्ता आहे, तो देखणा आहे, जिंकू शकतो. एफ मेकॅनिक आहे. त्याचा बाप कट्टर कॅल्व्हिनपंथी शेतकरी, हातात बायबल आणि पोराच्या पाठीवर पट्टा. हान्स उत्साही, पण हात लावील ते बिघडेल असा. तिघांचा देव म्हणजे गेरिट विटकाम्प हा मोटोक्रॉस चॅम्पियन. ही भूमिका रुटगर हाउअरने केली आहे. 'ब्लेड रनर' दोन वर्षांनी यायचा होता, पण नेदरलँड्समध्ये तो आधीच मोठा स्टार होता. व्हरहूव्हनने त्याला मुद्दाम छोट्या भूमिकेत, दूरच्या ताऱ्यासारखा ठेवला आहे. या पोरांना तो दिसतो, पण त्याच्यापर्यंत पोचता येत नाही.

अशा पोरांचे सिनेमे तेव्हा अमेरिकेतही येत होते. 1977च्या 'सॅटर्डे नाइट फीव्हर'मध्ये डिस्को होता, 1979च्या 'ब्रेकिंग अवे'मध्ये सायकल शर्यत होती. त्या सिनेमांत नाच किंवा शर्यत ही सुटकेची फट असते. नायक जिंको वा हरो, तिथे तो क्षणभर स्वतःपेक्षा मोठा होतो. 'स्पेटर्स'मध्ये ही फट उघडते आणि लगेच बंद होते. रीनचा अपघात शर्यतीत होतही नाही. साध्या रस्त्यावर, कुणाच्या तरी निष्काळजीपणामुळे तो पडतो आणि कमरेखाली लुळा होतो. नायकाला शोभेल असं पडणंसुद्धा त्याच्या वाट्याला येत नाही.

फीन्त्येचा हिशेब

मग येते फीन्त्ये. भाऊ याप आणि ती गाडीवर फ्राइज विकतात, शर्यतींच्या मागे मागे फिरतात. आपल्याकडच्या वडापावच्या गाडीसारखाच हा धंदा : पहाटेपासून तेल, संध्याकाळी केसांना वास, रात्री गल्ल्यातली चिल्लर. रेने सौतेनडाइकने ही भूमिका अशी केली आहे की तिच्यावरून नजर हटत नाही. फीन्त्येला त्या तेलाच्या वासातून बाहेर पडायचंय. त्यासाठी ती आधी रीनला धरते, कारण त्याला जपानी कंपनीची स्पॉन्सरशिप मिळू शकते आणि ती मिळवायला ती स्वतः पुढे होते. रीन पडल्यावर ती एफकडे वळते आणि शेवटी हान्सकडे.

1980च्या टीकाकारांना इथे स्त्रीद्वेष दिसला. पैशासाठी पुरुष बदलणारी मतलबी बाई, म्हणजे जुनाच साचा. पहिल्यांदा बघताना तसं वाटूही शकतं. पण सिनेमातल्या पुरुषांशी तिची तुलना करून बघा. हे तिघे मित्र फीन्त्ये कुणाला मिळणार हे ठरवण्यासाठी काय करतात? पँटी उतरवून कोणाचं किती मोठं ते मोजतात. दुसऱ्या एका प्रसंगात अर्धवट बांधलेल्या इमारतीत दोन जोडपी भिंतीच्या अल्याडपल्याड असतात. प्रत्यक्षात काहीच घडत नाही, पण शेजारच्याला ऐकू जावं म्हणून सगळे जोरजोरात कण्हत राहतात. हा सिनेमातला सगळ्यात विनोदी प्रसंग आहे आणि सगळ्यात खराही. पुरुषपण म्हणजे मित्रांसमोर वठवायचं नाटक, हे दोन मिनिटांत कळतं.

या पोरांच्या भोवती फक्त फीन्त्येच असं नाटक करत नाही. आपल्याजवळ काय आहे, त्याची किंमत किती आणि ती किती दिवस टिकेल, हे तिला माहीत आहे. तिचा हिशेब निर्दयी वाटतो. पण रीनकडे बघणारे स्पॉन्सर, पत्रकार, चाहते तरी दुसरं काय करतात? तो जिंकेल तोवर त्याला भाव, पडला की दुसरा. बाजाराने हे केलं तर त्याला आपण धंदा म्हणतो, फ्राइज विकणाऱ्या पोरीने केलं की तिचं चारित्र्य काढतो. स्त्रीद्वेषाचा आरोप म्हणूनच मला पटत नाही. रीनची जुनी मैत्रीण माया त्याच्यावर निरपेक्ष प्रेम करते, पण दिग्दर्शकाला तिच्यात फारसा रस नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे.

जिथे सिनेमा चुकतो

आता अवघड भाग. एफ समलिंगी पुरुषांना लुटून पैसे मिळवतो. त्यांच्याबद्दल त्याला घृणा आहे आणि एक न सांगता येणारं कुतूहलही. पुढे फीन्त्येचा भाऊ याप आणि त्याचे साथीदार एफवर सामूहिक बलात्कार करतात. या प्रसंगानंतर एफला आपण स्वतः समलिंगी असल्याचं उमगतं.

व्हरहूव्हनच्या बाजूने बोलणारे म्हणतात की एफच्या हिंसेमागे त्याची दडपलेली इच्छा आधीपासून दाखवली आहे, आणि बापाच्या पट्ट्याखाली वाढलेल्या पोराला प्रेमाची भाषाही हिंसेतूनच कळते. पहिला अर्धा भाग खरा आहे. एफच्या नजरेतली ती ओढ टोन आग्टरबर्गने फार बारकाईने दाखवली आहे. पण म्हणूनच बलात्काराची गरज उरत नाही. ओढ आधीच दिसत असेल, तर पटकथेने तिला दुसरी वाट द्यायला हवी होती. बलात्कारातून माणसाला स्वतःची ओळख पटते ही कल्पना खोटी आहे आणि घातकही. ज्यांच्यावर तो होतो त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्याबद्दल 'हे लोक असेच पोरांना बिघडवतात' असं बोललं जातं त्यांच्यासाठीही. नेदरलँड्समध्ये समलिंगी संबंधांसाठी वेगळी, जास्त वयोमर्यादा लावणारं कलम 1971 साली रद्द झालं होतं. ते कलम याच भीतीवर उभं होतं. नऊ वर्षांनी पडद्यावर तीच भीती बघताना तिथल्या लोकांना संताप आला असेल, तर त्यांना कलेतलं कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

तरीही याच धाग्यात एक प्रसंग असा आहे की तो विसरता येत नाही. एफ बापासमोर उभा राहून सत्य सांगतो. बाप काय करणार हे त्याला माहीत आहे, आपल्यालाही माहीत आहे. तरी तो सांगतो. तिघा मित्रांमध्ये कमरेवर हात ठेवून फुशारकी मारणारे बरेच क्षण येतात. धैर्याचा क्षण हा एकच.

रीनच्या बाबतीतही असंच दुहेरी मत होतं. अपघातानंतर त्याला प्रार्थनेने रोग बरे करणाऱ्यांच्या सभेत नेलं जातं. उठ आणि चाल, असं हजार तोंडांनी सांगूनही पाय हलत नाहीत, तेव्हा सभेतला उत्साह त्याच्यासाठी क्रूर होतो. हा भाग जबरदस्त आहे. पण शेवटी रीन स्वतःचं आयुष्य संपवतो आणि सिनेमा ते जवळपास अटळ असल्यासारखं दाखवतो. व्हीलचेअरवरच्या माणसाला कथेत दोनच वाटा : चमत्कार किंवा मरण. तिसरी वाट, म्हणजे रोजचं साधं जगणं, पटकथाकार गेरार्ड सूटेमानला सुचत नाही. अपंगांच्या संघटना यावर चिडल्या यात नवल नाही. रीनची भूमिका करणाऱ्या हान्स फान टोंगरन या गुणी नटाने 1982 साली खरोखरच आत्महत्या केली. तेव्हापासून ही दृश्यं बघणं आणखी जड झालं आहे. पण नटाचं दुःख आणि पात्राचं दुःख एकात एक मिसळू नये. तसं केलं की दोघांवरही अन्याय होतो.

हरणाऱ्यांचा डिस्को

राहतो हान्स, सगळ्यात मठ्ठ समजला गेलेला. टीव्हीवाल्यांनी त्याची फजिती करमणूक म्हणून वापरलेली असते. येरून क्राबेने केलेला पत्रकार फ्रान्स हेंकहोफ हा आजच्या भाषेत कंटेंट शोधणारा माणूस आहे : चॅम्पियनही विकता येतो आणि जोकरही. रील व्हायरल करून कुणाचं हसं होताना आपण रोज बघतो, त्याचं हे चाळीसेक वर्षांपूर्वीचं रूप.

शेवटी हान्स आणि फीन्त्ये एकत्र येतात. दोघांनाही ठाऊक आहे की तो चॅम्पियन होणार नाही आणि ती राजकन्या होणार नाही. रीनच्या घरच्या कॅफेच्या जागी डिस्को चालवायचा बेत करतात. याला सुखान्त म्हणावं का? मित्राच्या मोडतोड झालेल्या जागेवर उभा राहिलेला धंदा आहे हा. पण पहिल्यांदाच दोन माणसं एकमेकांना खोटं काही विकत नाहीत. वयात येण्याच्या कथा बहुधा स्वप्न पुरं झाल्यावर किंवा मोडल्यावर संपतात. ही कथा स्वप्न मोडल्यानंतरच्या सकाळी, जागा झाडून दुकान उघडताना संपते. कष्टकरी घरांत वयात येणं बहुतेक वेळा असंच असतं.

योस्ट व्हाकानोचा कॅमेरा इथे कामी येतो. पुढच्याच वर्षी त्याने 'डास बोट'मध्ये पाणबुडीच्या अरुंद बोळांतून कॅमेरा पळवला. 'स्पेटर्स'मध्येही तो शर्यतीच्या चिखलात उतरतो. सौंदर्य शोधत बसत नाही, माणसांच्या फार जवळ जातो. घाम, तेलकट त्वचा, फुटलेला ओठ. या वर्गाच्या शरीरांबद्दल त्याला ना दया आहे, ना कौतुक. आहेत तशी ती दिसतात.

नंतर काय झालं? व्हरहूव्हनने 1983 साली 'द फोर्थ मॅन' केला, त्यातही सौतेनडाइक आणि क्राबे होते. मायदेशात पैसे उभे करताना होणारी दमछाक आणि टीका यांना कंटाळून तो अमेरिकेला गेला आणि 1987 साली 'रोबोकॉप' आला. 'बेसिक इन्स्टिंक्ट'च्या चित्रीकरणाच्या वेळी सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी निदर्शनं केली. भांडण तेच, फक्त शहर बदललं.

आज आपण अशा सिनेमाचा निकाल एका ओळीत लावतो. प्रॉब्लेमॅटिक आहे, सोडून द्या. किंवा कलाकृती आहे, तक्रार करू नका. 'स्पेटर्स' या दोन्ही ओळींत मावत नाही. गरीब पोरांकडे इतक्या जवळून आणि न लाजता बघणारा सिनेमा डच पडद्यावर क्वचितच आला असेल. आणि त्याच सिनेमाने एका पोराची ओळख बलात्कारातून घडवली, दुसऱ्याला खुर्चीत बसवून मारलं. बाहेर निदर्शनं करणारे आणि आत तिकीट काढून बसलेले, दोघेही एकच सिनेमा बघत होते. दोघांचंही म्हणणं डोक्यात ठेवून तो बघता येतो. शेवटी अंगावर शिंतोडे उडतातच, ते आपल्यावरही उडू द्यावेत.