पांढऱ्या झेंड्याचं बटण

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला फोनवर बुद्धिबळ खेळत होते. प्रत्येकी दहा मिनिटांचा डाव. समोर कोण आहे ते माहीत नाही. एक टोपणनाव आणि शेजारी कुठल्यातरी देशाचा झेंडा. माझ्या हत्तीने त्याच्या राजाची शेवटची वाट बंद केली. आता तो काहीही खेळला तरी पुढच्या खेळीला मात होती, आणि ती त्यालाही दिसत होती. त्याच्या घड्याळात सहा मिनिटं चाळीस सेकंद उरले होते. तो थांबला. खेळी नाही, हार नाही, काहीच नाही. स्क्रीन बंद पडू नये म्हणून मी मधूनमधून बोट लावत बसले.

लहानपणी गल्लीत याला आम्ही रडीचा डाव म्हणायचो. पण तिथला रडका निदान दिसायचा तरी. बॅट त्याची असेल तर ती काखेत मारून तरातरा घरी निघायचा, आणि आम्ही मागून ओरडायचो. फोनवर रडीचा डाव आवाज न करता खेळता येतो.

राग ओसरल्यावर वाटलं, त्याने माझं नेमकं काय नेलं? गुण शेवटी मलाच मिळाले. सहा मिनिटांचं म्हणाल, तर रील्स बघण्यात मी रोज त्याच्या दसपट घालवते. पण मी काहीतरी म्हटलं होतं आणि त्याने उत्तर दिलं नव्हतं. बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे फिडेच्या नियमांत ५.१.२ असं कलम आहे. त्यानुसार समोरच्याने हार जाहीर केली की आपण जिंकतो. ‘जाहीर’ हा शब्द मला फार नेमका वाटतो. डाव पटावर हरला जातो. हार मात्र कुणालातरी उद्देशून बोलावी लागते.

ऑनलाइन खेळांत हे बोलणं दोन अक्षरांवर आलं: जीजी. गुड गेम. ‘स्टारक्राफ्ट’ १९९८ साली आला आणि दक्षिण कोरियात त्याचे सामने चक्क टीव्हीवर दिसू लागले. तिथे हरणारा खेळाडू चॅटमध्ये जीजी टाइप करायचा आणि सामना तिथेच संपायचा. समालोचक ती अक्षरं स्क्रीनवर उमटताच गोल झाल्यासारखे ओरडायचे. यातला एक अलिखित नियम मला सगळ्यात आवडतो. जीजी आधी हरणाऱ्याने म्हणायचं. जिंकणाऱ्याने आधी म्हटलं तर तो उद्धटपणा, कारण त्याचा अर्थ ‘आता आटप’ असा होतो. अक्षरं तीच, पण कोणी आधी उच्चारली यावर ती शिष्टाचार की शिवी ते ठरतं.

अर्थात घाईही नडते. २०११ मध्ये कोलंबसच्या एका मोठ्या स्पर्धेत इड्रा नावाचा खेळाडू हक नावाच्या खेळाडूशी खेळत होता. हकने खेळातल्या एका क्लृप्तीने भासमान विमानांचा ताफा उभा केला. खोटी विमानं, त्यांनी नुकसान शून्य. इड्राने ती खरी समजून डाव सोडून दिला. (हा किस्सा माहीत असलेले लोक अजूनही तो फार प्रेमाने सांगतात. इड्राला काय वाटत असेल, कोण जाणे.) प्रशिक्षक नवख्यांना ‘हार मानूच नका’ सांगतात ते याचसाठी, आणि ते योग्यच आहे. माझ्या पातळीवर वजीर गेलेला माणूसही जिंकतो, कारण पुढच्या पाच खेळ्यांत समोरचा स्वतःचा वजीर देऊन बसतो. हरत आलेला डाव खेळत राहणं हा अपमान नव्हे. खेळायचंही नाही आणि सोडायचंही नाही, हा अपमान.

मान्य केलेली हार सभ्यच असते असंही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये एका ऑनलाइन स्पर्धेत मॅग्नस कार्लसनने हान्स नीमनविरुद्ध फक्त एक खेळी केली, हार दिली आणि कॅमेरा बंद केला. तो आरोप होता. आठवड्याभराने त्याने तो लिहूनही प्रसिद्ध केला.

आता आपल्या फोनकडे येऊ. लीचेसवर हार मानण्यासाठी पांढऱ्या झेंड्याचं एक छोटं बटण आहे. डाव संपला की तयार बटणांची एक रांग येते: ‘जीजी’, ‘डब्ल्यूपी’ म्हणजे वेल प्लेड, ‘टीवाय’ म्हणजे थँक यू. मुद्दाम घड्याळ संपवत बसणाऱ्याला काही काळ खेळबंदीही होते. हे सगळं चांगल्या हेतूने केलंय आणि मी ती बटणं वापरते. पण बटण दाबताना माझ्या मनात समोरचा माणूस नसतो. पुढचा डाव असतो. झेंडा, जीजी, नवा डाव; तीन टिचक्या, दोन सेकंद. घड्याळ संपवणाऱ्यापेक्षा मी सभ्य आहे हे खरं. पण समोरच्याकडे बघत मीही नसते.

जपानी बुद्धिबळात, शोगीत, याबाबतीत एक वेगळीच रीत आहे. तिथे हरणारा मान झुकवून ‘मी हरलो’ असं तोंडाने म्हणतो, हे तर आहेच. पण त्याआधी एक गोष्ट घडते, तिला ‘कताचिझुकुरी’ म्हणतात. म्हणजे आकार देणं. आपण हरलो हे कळलेला खेळाडू शेवटच्या खेळ्या अशा निवडतो की डाव देखणा संपावा. आपणही एकाच खेळीने मागे होतो असं पटावर दिसावं, आणि समोरच्याला आपली मात पुरी करता यावी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे नाटकी वाटलं होतं. हरलोय तर हरलोय, सजवायचं कशाला?

मग गेल्या रविवारी बालवाडीपासूनच्या एका मित्राशी खेळले. तो नवीनच शिकलाय, आतापर्यंत माझ्याकडून हरत आलाय. त्या दिवशी त्याने घोडा माझ्या राजाजवळ आणला, दुहेरी शह दिला, राजा कोपऱ्यात सरकला. आणि मग त्याने वजीर थेट माझ्या राजाशेजारी ठेवला. फुकट. मला तो हत्तीने मारावाच लागणार होता, आणि मारला की राजा आपल्याच माणसांत कोंडला जाऊन घोड्याने मात. पुस्तकातली प्रसिद्ध मात, शेकडो वर्षं जुनी. मला ती लगेच दिसली. मी झेंडा दाबला, जीजी दाबलं. माझ्या मते हे अगदी सुसंस्कृत वागणं होतं.

अर्ध्या मिनिटात मेसेज आला: ‘थांबायचंस ना गं! मात होती.’

मग पटाचा स्क्रीनशॉट आला. माझा हत्ती जागेवरच, त्याचा वजीर माझ्या राजाला चिकटून तसाच उभा. त्यावर त्याने बोटाने वेडावाकडा लाल बाण काढला होता, घोड्यापासून त्या घरापर्यंत.

मी परत जीजी टाइप केलं, खोडलं, आणि त्याला फोन लावला.