तारापूरचा हल्ला : पराक्रम आणि सहकार्य

चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये तारापूरचा किल्ला पडला. ग्रँट डफ याने आपल्या १८२६ च्या इतिहासात, सुरुंगांनी तट फुटल्यावर प्रथम प्रवेशासाठी सरदारांत लागलेली चढाओढ रंगविली आहे. परंतु दुसऱ्या बाजूने राणोजी भोसले तट चढून गेल्यावरच शिबंदीचा प्रतिकार मोडला, हेही तोच नमूद करतो. यावरून निर्णायक वाटा कामाच्या विभागणीचा होता, असे मानणे प्राप्त होते. 'डोटा २' या पाच-पाच गड्यांच्या ऑनलाइन रणक्रीडेतही जय मारलेल्या गड्यांच्या संख्येवर नव्हे, तर प्रतिपक्षाचे मुख्य ठाणे पाडण्यावर ठरतो. बाजी भिवराव तारापुरास पडले. त्यांचे शौर्य निर्विवाद आहे. मात्र सुरुंग लावणाऱ्या अनामिकांस वगळून केलेले या विजयाचे मूल्यमापन अपुरेच राहते.