मर्यादित ठसे आणि त्यांचें मोल

चित्राच्या खालच्या कडेस पेन्सिलीनें लिहिलेला अपूर्णांक आजकाल चित्रापेक्षां अधिक लक्षपूर्वक वाचला जातो. ‘१७/५०’ म्हणजे पन्नासांपैकीं सतरावा ठसा. पन्नासांपुढें एकही निघावयाचा नाहीं, अशी त्यांत ग्वाही. ह्या ग्वाहीवर लाखों रुपये मोजणारा रसिक नेमकें काय विकत घेतो, हा प्रश्न टीकाकारांनीं व्यापाऱ्यांवर सोपवलेला दिसतो. माझ्या मतें तो आपलाच आहे.

मर्यादेचा उगम पदार्थधर्मांत आहे. तांब्याच्या पत्र्यावर सुईनें थेट ओरखडलें म्हणजे रेघेच्या कडेला धातूची बारीक कोर उभी राहते. तींत शाई अडकते आणि रेघ मखमलीसारखी मऊ उमटते. दाबयंत्राखालीं ही कोर थोड्याच ठशांत झिजते. म्हणून आरंभींचा ठसा आणि अखेरचा ठसा यांतील भेद सराव नसलेल्या डोळ्यांनाही दिसतो. रेम्ब्रांटच्या ‘शंभर गिल्डरांचें चित्र’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या कृतीचा झिजलेला पत्रा पुढें कॅप्टन विल्यम बेली या गृहस्थाच्या हातीं आला. त्यानें तो आपल्या हातानें पुन्हां कोरला, १७७५ मध्यें सुमारें शंभर ठसे काढले, आणि मग पत्र्याचे चार तुकडे केले. गंमत अशी कीं, त्या तुकड्यांवरूनही त्यानें ठसे काढलेच! जी संख्या रेघेच्या आयुष्यानें ठरत होती, ती बाजाराच्या सोयीनें कशी ठरूं लागली, याचें याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

जाळीच्या छपाईनें हा पदार्थधर्मही बाजूस सारला. अँडी वॉरहॉलनें १९६७ मध्यें मेरिलिन मन्रोच्या मुखाचीं दहा चित्रें प्रसिद्ध केलीं, प्रत्येकाचे २५० ठसे. (इंग्रजी वर्णाक्षरें घातलेल्या कलावंताच्या २६ प्रती त्याबाहेर, तेव्हां २५० हा आंकडाही पुरता खरा नव्हे.) पांचशे काढले असते तरी जाळीची तक्रार नव्हती. ज्या कृतीचा आशयच एका मुखवट्याचें अखंड आवर्तन हा आहे, तिच्या आवर्तनाला बांध घालणें ही कलादृष्ट्या विसंगतीच होय. १९७० च्या सुमारास दुसऱ्यांनीं तींच चित्रें छापून पाठीवर ‘सही तुमची तुम्ही करा’ अशा अर्थाचा शिक्का मारला, यांत मला मूळ कृतीवरील मार्मिक टीका दिसते. सहीचें म्हणाल, तर १९७४ मध्यें फ्रेंच अधिकाऱ्यांनीं अँडोराकडे जाणारी एक गाडी अडवली, तींत दालीच्या सहीचे ४०,००० कोरे कागद होते.

डेमियन हर्स्टनें २०२१ मध्यें संख्या आधीं ठरवण्याचीही तसदी घेतली नाहीं. चेरीच्या फुलांचीं आठ चित्रें, प्रत्येक ठसा तीन हजार डॉलर, मुदत सहा दिवस. मागणी येईल तितके ठसे. ते ७,४८१ भरले. ह्यांत लपवाछपवी नाहीं हें मान्य. परंतु येथें ‘मर्यादित’ याचा अर्थ ‘मुदतींत विकलेला’ एवढाच उरतो.

आपल्याकडे १८९४ मध्यें रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला, तो ह्याच्या अगदीं उलट हेतूनें. लक्ष्मी-सरस्वती घरोघर जाव्यात, मर्यादा कसली? तेच जुने ठसे आज संग्राहक शोधीत फिरतात. त्यांना दुर्मिळता आणली ती कुंकवाच्या बोटांनीं, उदबत्तीच्या धुरानें आणि पावसाळ्यांतील ओलीनें. त्या डागांचें मोल मला अपूर्णांकाहून अधिक वाटतें. लिलाववाले तेच डाग दोष म्हणून नोंदतात.

पॅरिसच्या ‘आतेलिए १७’ मध्यें काम केलेले कृष्णा रेड्डी (१९२५–२०१८) एकाच पत्र्यावर पातळ व घट्ट शाया कठीण आणि मऊ रुळांनीं अशा फिरवीत कीं, निरनिराळ्या खोलींत निरनिराळे रंग बसत. प्रत्येक ठशास हा सर्व खटाटोप पुन्हां करावा लागे. संख्या श्रमानेंच आटोक्यांत राही. असा ठसा आणि हर्स्टचा ठसा एकाच यादींत, केवळ आंकड्यांच्या आधारें शेजारीं मांडले जातात, तेव्हां यादी करणारानें दोन्ही चित्रें पाहिलीं होतीं कीं नाहीं, याची शंका येते.